छापील दोन इंच

मी खेळाडूंना चेहऱ्यानं नाही,
काठीनं ओळखतो.
खालच्या लीगमधल्या संघाचा सामानवाला मी.
एकतीस हिवाळे
स्केटच्या पात्यांना धार लावतोय,
ओले हातमोजे वाळवतोय,
आणि नवी काठी ज्याच्या त्याच्या हनुवटीला लावून
करवतीनं छाटतोय.

ऑरेस्ट हालुष्का आला तेव्हा
मी नेहमीच्या खुणेवर करवत टेकवली.
"अजून खाली," तो म्हणाला.
मी खाली आणली.
"अजून."
वीतभर तुकडा पडला
आणि बाकावरचं कुणीतरी हसलं.
ऑरेस्टनं तुकडा उचलून बादलीत टाकला,
घरात आपलाच केर आपण भरावा तसा.

उत्तर मॅनिटोबातल्या निकेलच्या खाणगावचा तो.
आडनावाचा अर्थ त्यानंच सांगितला,
उकडलेल्या पिठाचा गोळा.
हे समोरच्या संघांना कळल्यावर
काय काय ओरडलं जायचं
ते इथे लिहीत नाही.

निवडीच्या वेळी तो अठराचा.
दोन दिवस टीव्हीवर नावं सरकत होती.
तळघरात काका, मावश्या, शेजारी,
आईनं दोनशे पिरोगी करून ठेवलेल्या.
सातवी फेरी संपली.
कुणीतरी आवाज बंद केला,
चित्र तसंच चालू राहू दिलं.
"पिरोगी तीन आठवडे पुरल्या," तो म्हणाला,
"सगळ्यात वाईट तेच. रोज डब्यात त्याच."

आमच्या माहितीपत्रकात त्याची उंची पाच फूट नऊ.
संघानं दोन इंच छापून वाढवलेले.
मी गप्प बसलो,
पण करवतीला खोटं सांगता येत नाही.

कोपऱ्यात, फळ्यांपाशी,
दोन धिप्पाड बचावपटूंच्या मध्ये तो शिरायचा
आणि दिसेनासा व्हायचा.
मग कुणाच्या तरी गुडघ्यांमधून
आधी चकती बाहेर यायची, मागून हा,
हेल्मेट तिरकं, ओठ फुटलेला,
दुकान बंद होण्याआधी पोचायचं असल्यासारखा घाईत.
एक दात त्यानं मला जपायला दिला होता.
स्क्रूच्या डबीत आहे अजून.

नऊ नऊ तासांचे बसप्रवास.
सामानाच्या फळीवर आडवं होता यायचं
ते फक्त त्याला.
बाकीचे मान वाकडी करून पेंगायचे
आणि वर हा घोरायचा, राजासारखा.

पाच हंगाम असेच गेले.
सव्विसाव्या वर्षी, फेब्रुवारीत,
वरच्या संघातल्या तिघांना गालगुंडं झाली.
फोन आला तेव्हा तो माझ्याच खोलीत
लेसची गाठ दातांनी सोडवत होता.
दोन काठ्या घेऊन गेला,
आणि माझी करवत, न विचारता.

टीव्हीवर पाहिला. अकरा मिनिटं खेळला.
गोल नाही, काही नाही.
पण दुसऱ्या दिवशी त्याला परत पाठवलं नाही.
तिसऱ्याही दिवशी नाही.
गालगुंडवाले बरे होऊन आले, तरी नाही.
एप्रिलमध्ये मी त्याच्या खणावरचं नाव
पात्यानं खरवडून काढलं.
कुणाचं नाव पुसताना
शीळ घातल्याचं मला आठवत नाही,
त्या दिवशी घातली.

शरदात वरच्या संघाचं पत्रक आलं.
हालुष्का, डावी बाजू,
पाच फूट सात.
मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
त्यानंच लिहायला लावलं म्हणे.
छापील दोन इंच
त्यानं परत केले होते.

आता दर ऑगस्टला बुटकी पोरं येतात,
त्याचं नाव घेत, करवत मागत.
(नवी घेतली मी.)
छाटतो मी त्यांच्याही काठ्या, अजून खाली, अजून.
बहुतेक नाताळच्या आत घरी जातात,
कुणी बापाच्या ट्रकवर, कुणी खाणीत.
त्यांना मी ऑरेस्टची गोष्ट सांगत नाही.

बादली भरलीय.
तुकडे सगळे वीतभरच,
वर पोचलेल्याचे आणि न पोचलेल्यांचे.
कुठला कोणाचा
मलाही आता ओळखता येत नाही.